आबा अकोल्याले गेलेच नव्हते

मंडळी, आबाच्या तेरवीले तुमी समदे आले. काका मले म्हणे, "तुलेच बोलाची खाज हाय, तं तूच बोल." तं इथं उभा हाय. नातू हाय मी त्यायचा. पण गोड बोलता येणार नाही. मी लय जळतो. आबा गेले, तरी जळतो.

कोणावर? ते पाहा, पहिल्या रांगेत. रशीदचाचा. आमच्या बडनेऱ्यातले, मांगच्या गल्लीतले टेलर.

चाचा, खाली काहून पाहता? तुमच्यावरच जळतो मी.

आबा रेल्वेतून रिटायर झाले. आमी काय केलं? मांगच्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं. "आबा, काही करू नका. आराम करा." पाण्याचा हंडा उचलला तरी ओरडू. आमाले वाटे, हेच सेवा. आबा मुके होत गेले. बीपीची गोळी तोंडात धरत आन् खिडकीतून थुकत.

मंग चाचा आले, शर्टांचा ढीग घेऊन. "नामदेवभाऊ, काज-बटनाचं काम लय साचलं यार. जरा हात लाव."

आन् बाप्पा! आबा उठले ना!

रोज चार वाजता दोघं ओट्यावर. बटनं लावत, शिव्या देत. चाचा म्हणत, "गोळी खाल्ली काय? नाही? तं शर्ट वापस दे." आबा गपकन गिळत. माह्या हातची गोळी थुकत, चाचाच्या हातची गिळत! जळाचं नाही तं काय कराचं?

मी बाजूले बसलो तं आबा म्हणे, "जाय बे, खेळ जाय." चोवीस वर्साचा घोडा मी! काय खेळू?

मंग मीनं खोडी केली. दुकानात जाऊन सांगतलं, "चाचा, आबा अकोल्याले गेले, आत्याकडं. पंधरा दिवस."

हाव चाचा. खोटं होतं ते.

चार वाजले, आबा ओट्यावर. मी म्हटलं, चला, पत्ते खेळू. म्हणे, "थांब, तो येईन." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जेवले नाही. "त्याले काही झालं तं नसन ना बे?" कोणाले विचारत होते? मले! तरी मीनं खरं सांगतलं नाही. एवढं जळावं काय माणसानं?

चवथ्या दिवशी आबानं काठी घेतली आन् निघाले. मी मांगं मांगं. चाचा दुकानातून ओरडले, "अरे! अकोल्याहून कधी आला?"

आबानं वळून माह्याकडं पाह्यलं. एकदाच. मंग म्हणे, "आताच उतरलो गाडीतून."

पायात स्लिपर. हातात पिशवी नाही. आताच उतरलो म्हणे!

वापस येताना मले म्हणे, "तुले माह्याजवळ बसाचं होतं तं बस ना बे. त्याले काहून तोडतं?"

मी नाही बसलो, मंडळी. अकड होती. उद्या बसू म्हटलं. आन् मंग उद्याच नाही उरला.

चाचा, तुमचे ते दिवस मीनं खाल्ले. वापस देता येत नाही.

आता समदे उठा, दोन मिनिटं गप उभे राहू. आबाच्या फोटोजवळ नातवानं उभं राहाचं ठरलं हाय. चाचा, तिथं तुमी या. मले आवडून नाही राहिलं, तोंड पाहा माह्यं. पण या.