बॅगेवर बसलेला

बसथांब्यावर माझ्या शेजारी एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते, मध्ये त्याची भलीमोठी बॅग. बॅगेवर एक पंखवाला किडा येऊन बसला, तशी बाईने चप्पल उगारली.

"मारू नकोस ताई, मुंगी आहे ती."

"पंख दिसत नाहीत का तुला? गांधीलमाशी आहे."

"कंबर बघ ना. गांधीलमाशीची दोऱ्यासारखी नितळ असते. याच्या कंबरेवर बारीक गाठ आहे. हा मुंग्यांमधला नर."

"डसला म्हणजे कळेल."

"नराला नांगीच नसते."

"मग करतो काय दिवसभर?"

"काही नाही. वारुळात बाकीच्या मुंग्या त्याला भरवतात. मग एक दिवस लग्नासाठी उडतो."

"लाडोबा मेला! अगदी तुझ्यासारखा. आणि पुढे?"

"पुढे काय. तिकडचं काम संपलेलं असतं, आणि वारुळात कोणी परत घेत नाही."

बाईने चप्पल खाली ठेवून पायात सरकवली.

"ताई, आईला काय सांगू? बायकोने घराबाहेर काढलं म्हणून?"

"आईला मी सगळं सांगितलंय. तिने कालच तुझी खोली झाडून घेतली. चल, बस आली, बॅग उचल."

"हं."

"अरे, हळू! बसलाय ना तो अजून."