छोटा पाना, मोठा पाना

हॅलो?… हो, मीच. थांब वहिनी, भांडी घासत होते, हात ओले आहेत… हं, बोल.

उद्या, हो. माझीच साक्ष आहे, विसरेन कशी?… काय म्हणाले वकील?… परत सांग… म्हणजे दादाला कुणी नकळत दारू पाजली असेल तर सुटायची आशा आहे, आणि स्वतःहून प्यायला असेल तर नाही… हो, हो, कळलं गं.

अगं ऐक ना… सरबतात कुणी मिसळली म्हणू? गॅरेजमध्ये आम्ही तिघंच. दादा, मी आणि हे… मग नाव कुणाचं घेऊ?… ह्यांचं?

वहिनी, ज्याचा जीव गेला त्याच्याच माथी मारू?

रडू नकोस… माझाही सख्खा भाऊच आहे ना तो.

बाटली त्यानेच आणली होती. मी डबा घेऊन पोचले तेव्हा अर्धी संपलेली… गाडीची किल्ली मागत होता. ह्यांनी खिशात टाकली, देईनात… हो, तोल जात होता त्याचा. सांगेन ना तेही. पण त्याने आधी छोटा पाना उचलला, वहिनी. तो ठेवला. मग मोठा घेतला… माझ्या डोळ्यांसमोर. ते कसं गिळू मी?

कोण?… दादा? तिथेच बसलाय?… नको, जामिनावर आहे तो, त्याला देऊ नकोस फोन… वहिनी, अगं…

…हं. ऐकतेय… जेवलास का काही?

दादा, खरंच काही आठवत नाही तुला?… काहीच?… सुटलास… नाही रे, टोमणा नाही. मला डोळे मिटायची सोय नाही राहिली, म्हणून म्हटलं.

नाही. ते नाही म्हणणार मी… माझं तोंड बघू नकोस हवं तर. तू प्यायला होतास हे सांगेन, आणि पान्याचंही सांगेन… काय?… हे शेवटचं काय बोलले?

कशाला विचारतोस आता…

"दादा, असा गाडीवर बसू नकोस. मरशील कुठेतरी"… एवढंच… हो, तुलाच.

दादा?… आहेस ना?…

फोन ठेव ना… मला नाही ठेववत. तूच ठेव.