रिकामं बटण

बहीण : बॅटरी काढलीय हो. घरूनच काढून आणलीय. ही बघा, पर्समध्ये.

दुरुस्तीवाला : आणि तरी पेटी बोलते?

बहीण : बसमध्ये बोलली. म्हणाली, पोराला जागा द्या, आणि खिडकीची द्या.

दुरुस्तीवाला : दिली?

बहीण : दोन माणसं उठली.

दुरुस्तीवाला : मग याला बिघाड म्हणता येणार नाही, ताई. संस्थेच्या कागदावर ही सुधारणा धरतात.

बहीण : चेष्टा नको. आवाज आईचा आहे.

दुरुस्तीवाला : त्यांचाच असणार. छोटूशेठना बोलता येत नाही म्हणून संस्थेनं ही पेटी दिली, तेव्हा बटणं काकूंनीच आपल्या आवाजात भरली. इथंच, या स्टुलावर बसून. पेल्याचं चित्र दाबलं की ‘मला पाणी हवंय’, पलंगाचं दाबलं की ‘मला झोप आली’.

बहीण : ते तेव्हा. आता आई जाऊन चार महिने झाले. छोटू, दाब रे. पेला दाब.

पेटी (आईच्या आवाजात) : कोण, तो दुरुस्तीवाला का? अजून केस कापले नाहीत मेल्यानं. पालकसभेतसुद्धा असाच यायचा, झिपऱ्या घेऊ—

बहीण : ऐकलंत?

दुरुस्तीवाला : कापणारच होतो, काकू. ...मधेच का थांबल्या?

बहीण : एका बटणात दहा सेकंदच मावतात. तुम्हीच सांगितलं होतं.

दुरुस्तीवाला : म्हणजे आता नियम पाळतायत. संस्थेच्या सभेत मी माइक लावायचो, तर तो सोडायच्या नाहीत. याआधी एका आजोबांची पेटी अशीच आपोआप खोकायची. पण त्यात धूळ निघाली.

बहीण : खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटलं. मी ओट्याशी उभी, आणि मागून आई म्हणायची, गॅस बारीक कर. आम्ही दोघं ऐकत बसायचो. मग गेल्या आठवड्यात छोटू दुपारभर एकच बटण दाबत राहिला. डोक्याला पट्टी बांधलेल्या माणसाचं.

दुरुस्तीवाला : ‘मला दुखतंय.’

बहीण : हो. आणि दर वेळी पेटी म्हणायची, ‘काही झालेलं नाही त्याला, गुणी आहे माझं पोर, झोपव.’ मी झोपवलं. आईला जास्त कळतं ना. संध्याकाळी बघते तर उशीवर पू. कानाचा पडदा फाटला होता.

दुरुस्तीवाला : अरेरे.

बहीण : डॉक्टर विचारतात, इतकं ठणकत होतं तर हा काही बोलला कसा नाही? काय सांगू? बोलायची सगळी बटणं आईनं अडवलीत म्हणून? पुसून टाका. सगळी.

दुरुस्तीवाला : मागं लाल खटका आहे, तो दाबला की झालं. पण पुसलेलं परत येत नाही. त्यांचा आवाज आणखी कुठं आहे?

बहीण : कुठंच नाही. फोटो आहेत. त्यातही डोळे मिटलेत.

पेटी (आईच्या आवाजात) : काढा, काढा मला! मग त्याचं कोण बघणार? ही? हिला त्याच्या मोज्याची शिवण कुठल्या बाजूला लागते ते तरी ठाऊ—

बहीण : बाहेरच्या बाजूला, आई! उलटेच घालते मी त्याला मोजे!

दुरुस्तीवाला : ताई, एक लक्षात आलं का? छोटूशेठ बटण दाबतात तेव्हाच काकू बोलतात.

बहीण : मग?

दुरुस्तीवाला : मग पुसायचं की नाही, ते छोटूशेठनाच विचारायला हवं.

बहीण : कसं विचारू? ...थांबा, आडव्या हाताचं चित्र आहे की. ते ‘नको’. छोटू, हे दाब बरं. ...काहीच नाही. बिघडलं?

दुरुस्तीवाला : नाही. आठवलं मला. हे भरलंच नव्हतं. ‘त्याला नको असं काही नसतंच,’ म्हणाल्या काकू, आणि पिशवी उचलून निघाल्या.

बहीण : चाळिशीला आला हो तो.

दुरुस्तीवाला : द्या ती बॅटरी. माझा आवाज बॅटरीशिवाय चालायचा नाही. ...हं. ‘नको.’ भरलं. छोटूशेठ, हा आडवा हात आता तुमचा.

पेटी (दुरुस्तीवाल्याच्या आवाजात) : नको.

बहीण : अगं बाई! छोटू, आईला पुसून टाकू?

पेटी (दुरुस्तीवाल्याच्या आवाजात) : नको.

बहीण : मग असंच राहू दे?

पेटी (दुरुस्तीवाल्याच्या आवाजात) : नको.

बहीण : बिस्कीट खातोस?

पेटी (दुरुस्तीवाल्याच्या आवाजात) : नको. नको. नको.

दुरुस्तीवाला : साठलंय, ताई. निघू दे.

बहीण : हसतोय बघा कसा. असा हसलेला मी कधी...

पेटी (आईच्या आवाजात) : पुरे हं, छोटू. उलट बोलायचं नाही. टाक तो घाणेरडा आवाज. तू इकडे ये बघू, माझ्याजवळ, आत. इथं दोघांपुरती जागा आ—

बहीण : आत म्हणजे कुठं? आई? आत कुठं बोलावतेस त्याला?

दुरुस्तीवाला : ताई, छोटूशेठचा हात सोडा.

बहीण : तो जाईल! तिनं बोलावलं की तो कुठंही जातो!

दुरुस्तीवाला : हात धरलात तर सांगणार कशानं? सोडा.

बहीण : छोटू...

पेटी (दुरुस्तीवाल्याच्या आवाजात) : नको.

(छोटू दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला आहे.)

पेटी (आईच्या आवाजात) : बरं.

बहीण : हे कुणी दाबलं?

दुरुस्तीवाला : कुणी नाही.

बहीण : मग गेली? आहे? काकू म्हणून हाक मारून बघा ना.

दुरुस्तीवाला : मी नाही मारत.

पेटी (आईच्या आवाजात) : मला पाणी हवंय.

बहीण : आता हे कोण मागतंय?

दुरुस्तीवाला : पेला दाबलाय छोटूशेठनी. बोट अजून तिथंच आहे. द्या की.