नैवेद्याचा फ्रिज

केलीव्हिलच्या क्लिनिकमध्ये उर्वी लेकीला लस द्यायला आली होती. परदेशात मागच्या खुर्च्यांवरून मराठी कानावर पडलं, तसा तिने हातातला मोबाइल खाली ठेवला.

"शोभा, पन्नाशी झाली की सरकार ते टेस्टचं पाकीट घरपोच पाठवतं. तुला आलंच नाही?"

"तीनदा आलं. पहिलं उघडलं, तर आत लिहिलेलं, शौचाचा नमुना घ्या आणि पोस्टात टाकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. चित्रा, माझ्या फ्रिजमध्ये देवाचा नैवेद्य असतो गं! पुढची दोन मी फोडलीच नाहीत."

"अगं, दोन पिशव्यांत घालून ठेवायचं!"

"माझा मुलगा यतिनही हेच म्हणाला. मी म्हटलं, पिशवीत घातलं म्हणून विटाळ जातो का रे?"

"आणि आता डॉक्टर काय म्हणतात?"

"आतड्याचा कॅन्सर. गाठ कित्येक वर्षं वाढत होती म्हणे. बुधवारी आतडं कापणार आणि पोटाला बाहेरून पिशवी लावणार. कायमची."

"म्हणजे त्या पिशवीत..."

"हो, तेच. फ्रिजमध्ये नको होतं ना मला? आता अंगावर बाळगून नैवेद्य रांधायचा."

उर्वी लेकीला उचलून बाहेर आली. तिने घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, तुमच्या नावाने आलेलं ते टेस्टचं पाकीट कुठंय?"

"ते होय? सकाळीच कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं, गाडीसुद्धा येऊन गेली. तूच म्हणालीस ना, असली घाण आपल्या फ्रिजमध्ये नको?"