टर्फवर ताडपत्री

आमच्या चुलतभावाचं काय सांगू तुम्हाला! माजिवड्याला बंगल्यामागची पेरूची झाडं तोडून त्याने हिरवागार टर्फ बसवला, जाळीबिळी लावून. "रविवारी या, क्रिकेट खेळू," म्हणाला. आम्ही हौसेने बॅट घेऊन गेलेलो. बघतो तर अख्ख्या टर्फवर निळी ताडपत्री! टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक आजवर न काढलेला माणूस, दुसरं काय करणार?

"काढ की रे ती," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? उन्हाने रंग उडतो. पाहुणे आले की काढतो."

"मग आम्ही कोण?"

"तुम्ही घरचेच ना!"

तेवढ्यात वहिनी परात घेऊन आली आणि ताडपत्रीवर पापड वाळत घालायला लागली. आता तरी लाज वाटेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. तर हा तिच्यावरच खेकसला, "अगं, चप्पल काढ आधी!"