टाकीच्या तोंडावर सागाचं पान

ऑगस्टचा शेवटचा रविवार, सकाळपासून झड. सिरोंच्याहून माझे बर्फातले मासे आलापल्लीच्या बाजाराला निघाले, आणि शंकरभाऊंचा ट्रक वाटेत बंद पडला. त्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून बाटली धरली. वर डिझेल, खाली पाणीच पाणी.

"टाकीत पाणी आलं कुठून, भाऊ?"

"मले काय माहीत! झाकण हरवलं, तं रात्री सागाचं पान बांधलं ना. आपण पावसात डोक्यावर घेत नाई काय?"

मी पान सोडून उजेडात धरलं. किड्यांनी खाऊन नुसती जाळी उरली होती.

"भाऊ, ही तर चाळणी बांधली तुम्ही!"

"अंधारात तोडलं जी. हाताले साबूत लागलं."

पाणी काढून ट्रक सुरू झाला तेव्हा बर्फ वितळला होता. मासे वाटेतल्याच गावात निम्म्या भावात विकले.