भागिले बारा

गोपाळराव : थांब वं गार्गी, तू उगाच घोळ करून राहिली. साल अठरा लाखच ठरलं ना नव्या कंपनीत?

गार्गी : पॅकेज, बाबा. साल नाही.

गोपाळराव : तेच ते. काटोलले मामाकडं सालदाराचं साल ठरे. बारानं भागलं की महिन्याचा हिशेब. अठरा भागिले बारा, दीड लाख. मग तुझ्या बँकेत एक लाख आठच कसे आले?

गार्गी : तेवढेच येणार. दर महिन्याला.

गोपाळराव : अन् वरचे बेचाळीस हजार कोणाच्या घशात गेले?

गार्गी : इन्कम टॅक्स कटला. माझा पीएफ कटला. कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ भरते, तोही त्या अठरा लाखातच धरते. बोनस वर्षाच्या शेवटी, तोही काम पाहून. कागदावरचं सगळं हातात येत नाही, बाबा.

गोपाळराव : म्हणजे फसवलंच ना! सांगायचं एक, द्यायचं एक. माझ्या बांगड्यांच्या दुकानात असं चालते का? संध्याकाळी गल्ल्यात जे निघालं ते आपलं.

गार्गी : नोकरीत सगळ्यांचं असंच असते.

गोपाळराव : कमाल करते. मी त्या बळीराम दलालाले दीड लाख सांगून बसलो. तिकडं बेसा भागातला फ्लॅट, सत्तर हजार हप्ता, उद्या टोकन द्यायचं आहे. सारं तुझ्या पगारावर धरलं मी.

गार्गी : देऊ नका टोकन. फोनवर तुम्ही ऐकलं नसतं, म्हणून पुण्याहून आली मी.

गोपाळराव : ऋषीच्या वेळेस तर असं काही झालं नाही. त्याचं साल नऊ लाख. मी इथं गादीवर बसून भागलं, पंच्याहत्तर हजार. म्हटलं, पन्नास घरी पाठव, पंचवीस तुले. एका महिन्याचा खाडा नाही केला पोट्ट्यानं. कटलं-बिटलं काही बोलला नाही.

गार्गी : दादाचं राहू द्या ना आता.

गोपाळराव : काहून राहू देऊ? तो मले राहू देते का? त्याले जाऊन चार वर्षं झाले. खाटेवर पडलो की पायाकडं उभा राहते. हेल्मेट हातात. मी रोज एकच विचारतो, काहून गा ऋषी? ऑफिस सातले सुटत होतं, खोली ऑफिसच्या मागं. मग रात्रीच्या दोनले तू त्या हायवेवर काहून होता? नुसता पाहते माझ्याकडं.

गार्गी : बाबा, पाणी घ्या.

गोपाळराव : पाणी नको. मले एक सांग. तुझ्या अठराचे एक लाख आठ होतात. मग त्याच्या नऊचे किती होत होते?

गार्गी : तेव्हा टॅक्सचे नियम वेगळे होते.

गोपाळराव : नियम नको सांगू. हातात किती?

गार्गी : अठ्ठावन्न.

गोपाळराव : अठ्ठावन्न कसे? पन्नास तर इकडंच येत होते.

गार्गी : हो.

गोपाळराव : आठ हजार तर त्याच्या खोलीचंच भाडं होतं. खात काय होता मग? ... गार्गी, इकडं पाह्य. तुले माहीत आहे.

गार्गी : हॉटेलातलं जेवण घरोघरी पोचवायचा. ऑफिस सुटलं की रात्री दोनपर्यंत. गाडी त्यासाठीच घेतली होती त्यानं. अपघाताच्या त्या रात्री मी होस्टेलवरून दवाखान्यात आधी पोचली. त्याच्या पाठीवर ती मोठी लाल पिशवी होती. तुम्ही यायच्या आत मी ती नर्सकडून मागून घेतली. तुम्हाला दिसायला नको म्हणून.

गोपाळराव : मले एका शब्दानं म्हणायचं होतं त्यानं. बाबा, इतके नाही होत. मी काय मारलं असतं का?

गार्गी : म्हणायलाच तर फोन केला होता. पहिला पगार झाला त्या दिवशी.

गोपाळराव : केला होता. दुकानात होतो मी.

गार्गी : तुम्ही त्याला बोलूच दिलं नाही. ‘माझा पंच्याहत्तर हजारवाला पोट्टा’ म्हणून फोन सगळ्यांच्या हातात फिरवला. शेजारच्या यमुताई रडल्या म्हणे फोनवर.

गोपाळराव : संत्रा बर्फी वाटली होती मी. अर्ध्या महाल मोहल्ल्यात.

गार्गी : रात्री दादा मला म्हणाला, जाऊ दे गार्गी, बाबा इतके खूष कधीच नव्हते, वरचं मी पाहून घेतो.

गोपाळराव : अन् तू? तुले नाही वाटलं तसंच करावं?

गार्गी : वाटलं ना. बसमध्ये ठरवलंही होतं, दीड लाखच सांगायचं, बाकीचं होईल कसंबसं. मग लक्षात आलं. तेच शब्द माझ्या तोंडात आले होते, बाबा. वरचं मी पाहून घेते.

गोपाळराव : फोन दे माझा. बळीरामले सांगतो, फ्लॅट नको.

गार्गी : उद्या सांगा. आता रात्र झाली.

(गार्गीची आई प्रेमलताबाई स्वयंपाकघरातून येतात.)

प्रेमलता : अजी, पानं वाढली. पोरगी एवढ्या लांबून आली अन् तुम्ही तिची उलटतपासणी घेऊन राहिले. किती झाला वं पगार? दीड लाख ना?

गोपाळराव : एक लाख आठ.

प्रेमलता : बाप्पा! इतका कमी?

गोपाळराव : कमी नाही. दीड कागदावर असते. हातात इतकाच येते. तेव्हाही असंच होतं.

प्रेमलता : तेव्हा म्हणजे कधी? कोणाच्या हातात?

गोपाळराव : पानं झाकून ठेव, प्रेमलता. अन् इथं येऊन बस, माझ्यापाशी.